रिकाम्या गावातली दुपार

परत आल्यापासून नाशिकमध्ये जो भेटतो तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आलेल्या माणसाला दुसरं काही विचारायचंच नसतं, त्यामुळे सुरुवातीला मी ऐकीव काहीतरी सांगून वेळ मारून नेत होते. पण मी जंगल बघायला गेले नव्हते, धाकट्या बहिणीला बघायला गेले होते. तिथं जे पाहिलं ते चार जणांत चहा पिताना सांगण्यासारखं नव्हतं. आता पुष्पानंच सांगितलं, "लिह्य ताई, फक्त गावाचं नाव नको टाकू," म्हणून लिहिते.

आम्ही मूळच्या वर्ध्याच्या. लग्नानंतर मी नाशिकला आले, इथल्या शाळेत शिकवते. पुष्पा अगदी दुसऱ्या टोकाला गेली. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हा तिचं लग्न झालं. नवरा देवराव प्राथमिक शाळेत मास्तर, घरची थोडी धानाची शेती, सासू, आणि मागच्या वर्षी झालेली मुलगी, सोनी. यंदाच्या पावसाळ्यात गावात ताप आला. नाल्यांना पूर, रस्ते बंद. दवाखाना गाठेपर्यंत काही लेकरं आणि काही म्हातारी माणसं गेली. त्यांत सोनीही गेली. ती अजून चालायला लागली नव्हती, रांगत होती. वर्ध्याच्या भावाकडून मला कळलं तेव्हा सगळं होऊन बरेच दिवस झाले होते. मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

पुढे भावानं कळवलं की पुष्पा बोलत नाही, जेवायला बसली तर बसूनच राहते. नाताळची सुट्टी लागली तशी मी निघाले. जमलं तर तिला बरोबर घेऊन यायचं, असं मनात होतं.

चंद्रपूर

चंद्रपूरला सकाळी उतरले तेव्हा शहर दिसतच नव्हतं. धुकं होतं, त्यात वीजकेंद्राचा धूर आणि कोळशाची भुकटी मिसळलेली. तोंड पुसलं तर रुमाल काळा झाला. त्या करड्या हवेतून जटपुरा गेटची कमान एकदम समोर आली, आणि तिच्याखालून सायकलवर दूधवाले येत होते. घंटी वाजायची, पण माणूस दिसायचा मागाहून.

स्टँडजवळच्या हॉटेलात पोहे मागितले, तर वर लाल तर्री ओतून आले. आमच्याकडे पोह्यावर लिंबू पिळतात आणि तर्री मिसळीवर टाकतात. इथं पोह्यांनाच आंघोळ घातलेली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. हॉटेलवाला म्हणाला, "तिखट लागून राह्यलं काय बाई? मंग अजून घ्या, दुसऱ्या प्लेटीले नाई लागत." मी खरंच दुसरी प्लेट घेतली. हात गरम झाले, कान गरम झाले. ज्या कामाला निघाले होते त्याच्या ओझ्याखालीसुद्धा इतकं बरं वाटू शकतं, याचं मला नवल वाटलं आणि थोडी लाजही.

चामोर्शीच्या गाडीत चढताना चपलेचा अंगठा तुटला. उरलेला प्रवास सुतळी बांधून केला.

मार्कंडा

चामोर्शीहून पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. देवरावांच्या ओळखीचे एक मास्तर तिथं राहत, त्यांच्या घरी उतरले. मास्तर बाहेरगावी गेले होते. त्यांच्या बायको लीलाबाई मोकळ्या स्वभावाच्या. "आल्या तशा मार्कंडा पाहून घ्या, नाईतर जीव लागून रायते," असं म्हणून त्या मला दुपारनंतर घेऊन गेल्या.

वैनगंगा तिथं उलटी वळून उत्तरेकडे वाहते. नदीनं असं मागं वळून पाहिल्यासारखं का करावं, कोण जाणे. काठावर काळवंडलेली दगडी देवळं. जत्रेचे दिवस नव्हते, आवारात आम्ही दोघीच होतो. भिंतींवर माणसाच्या उंचीवर ओळींनी मूर्ती, आणि पावसानं झिजून कितीकांचे चेहरे गेलेले. दागिने शाबूत, बोटं शाबूत, फक्त नाक-डोळे नाहीत. नदीवरून धुकं वर यायला लागलं तसं ते बिनचेहऱ्याचे लोक आमच्याकडे वळलेत असं वाटायला लागलं. मी लीलाबाईंच्या जवळ सरकले.

त्यांनी सहज विचारलं, "उद्या सकाळच्यानंच जाता?"

"हो."

"परवा गेल्या तर नाई चालणार काय?"

"का हो?"

"उद्या तिकडे कोणी भेटल नाई तुम्हाले. गावात कोणी रायत नाई उद्या."

"म्हणजे कुठे जातात सगळे?"

"चाला, घरी जाऊ. नदीवर बसून नाई बोलत असं."

घरी गेल्यावरही त्या बोलल्या नाहीत. चुलीवरून उतरलेली तांदळाची भाकर आणि वांग्याचं भरीत वाढत राहिल्या. थंडीत आम्ही बाजरी खातो, इथं भाकरसुद्धा तांदळाची, पांढरीशुभ्र, मऊ. मी तीन भाकरी खाल्ल्या. लीलाबाईंना त्याचा इतका आनंद झाला की दुसरं काही विचारायचं राहूनच गेलं.

फाट्यापासून पुढं

बसनं मला फाट्यावर सोडलं आणि धुरळा टाकून गेली. देवराव घ्यायला येणार होते, पण कोणी नव्हतं. वाट सरळ होती, मी पिशवी घेऊन चालू लागले.

दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. माझी समजूत होती की जंगलात आवाज असतात. त्या दिवशी मला फक्त माझ्या सुतळी बांधलेल्या चपलेचा आवाज येत होता. बराच वेळ चालल्यावर वाटेवर बैलगाडीच्या ताज्या चाकोऱ्या दिसल्या, गुरांचं शेण ताजं होतं, माणसांच्या पावलांचे ठसेही होते. माझ्या ध्यानात आलं की ते सगळे ठसे समोरून, गावाकडून येऊन एका जागी वाट सोडून जंगलात वळले आहेत. गावाकडे परत जाणारा एकही ठसा नव्हता.

गावाच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये धानाच्या पेंढ्याची जाड दोरी बांधलेली होती, तिला कडुनिंबाचे डहाळे लटकवलेले. मी वाकून तिच्याखालून आत गेले.

गाव होतं तसं होतं. सारवलेली अंगणं, कुडाच्या भिंती, परसात वालाचे मांडव. प्रत्येक घराचं दार सताड उघडं. एका ओसरीवर उखळात अर्धे कांडलेले धान, मुसळ भिंतीला टेकवलेलं. दोरीवरच्या लुगड्याचं पाणी अजून थेंब थेंब पडत होतं. आणि कोणी नाही. कुत्रं नाही, कोंबडी नाही, गोठ्यात शेळी नाही. चुली विझवून त्यांतली राखसुद्धा काढून टाकलेली. मी हाक मारली, "देवरावभाऊ!" हाक उघड्या दारांतून आत शिरली आणि कुठूनच परत आली नाही.

एका दारापाशी मला बाईमाणूस उभं दिसलं. मी चटकन पुढं झाले, तर ती खुंटीला टांगलेली आरशाची काच होती. माझाच चेहरा. तो मला ओळखीचा वाटायला वेळ लागला. परत फिरावं असं वाटलं, पण मागच्या सगळ्या उघड्या घरांसमोरून पुन्हा एकटीनं जायचं धाडस होईना.

तेवढ्यात गुणगुण ऐकू आली. बाई गाते तशी नाही, लेकराला थोपटताना तोंडातल्या तोंडात जो सूर येतो, तसा. आवाज पुष्पाचा होता.

अंगणात

ती मागच्या अंगणात उन्हात बसली होती. पाय समोर लांब पसरलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. बाजूला वाटीत तेल. पायांच्या नळ्यांवर तेल चोळलेलं, चकाकत होतं. आपल्याकडे बाई पायांवर बाळ घेऊन त्याचं अंग चोळते, त्या बैठकीत. पायांवर काही नव्हतं.

"पुष्पे."

तिनं वर पाहिलं. दचकली नाही. "आली काय ताई. बस. मोठ्यानं बोलू नको."

मी तिच्या बाजूला बसले. ती फार वाळली होती. केसांच्या जटा झालेल्या. "देवराव कुठी हायेत? सासूबाई?" माझ्याही तोंडी वर्ध्याची बोली आपसूक आली.

"गेले. सारं गाव गेलं आमराईत. आज गाव रिकामं ठेवतात."

"काऊन?"

तिनं सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता, शाळेतली मुलगी उत्तर देते तसा. यंदा गावात इतकी माणसं गेली, म्हणून गावानं ठरवलं होतं. एक दिवस सगळ्यांनी गुराढोरांसकट बाहेर जायचं, चुली विझवायच्या, दारं उघडी टाकायची. घराघरात जे बसून राहिलं असेल ते, माणसं घरात नसली की, उठतं आणि निघून जातं. दिवे लागायच्या वेळी मग गावानं परत यायचं.

"तुह्या घरी कधीपासून असं मानतात?" मी विचारलं. आमच्या माहेरानं आणि तिच्या सासरानंही वडिलांच्या काळातच दीक्षा घेतली. देव्हारे, नवस, उतारे सगळं तेव्हाच सुटलं. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, अंगणातूनही दिसत होती.

"नाई मानत. सासूबाई म्हणाल्या, आपण पूजा नाई करत, पण गावासंग जेवाले जाऊ. आपल्यासाठी गाव अडून नाई रायलं पायजे."

"मंग तू काऊन नाई गेली?"

पुष्पानं वाटीतलं तेल बोटावर घेतलं. "ताई, सारे गेल्यावर घरातलं निंगून जाते म्हणतात. निंगन तर अंगणातूनच निंगन ना? मंग मले नाई दिसणार काय?"

मी मुलांना विज्ञान शिकवते. तरी त्या अंगणात, त्या शांततेत, ती बोलली ते मला वेडेपणाचं वाटलं नाही. तेच जास्त भीतिदायक होतं.

आम्ही बसून राहिलो. ऊन डोक्यावरून पुढं सरकलं. शेजारच्या घराचं दार एकदा आपोआप हललं आणि थांबलं. पुष्पाच्या घरात आढ्याला पाळण्याची दोरी अजून होती, तिच्याकडे मी बघायचं टाळत होते. पुष्पा मधूनच गुणगुणायची, मधूनच थांबून कान द्यायची. तिनं कान दिला की मीही द्यायची.

मग घरातून आवाज आला.

खर्र. थांबला. पुन्हा खर्र, खर्र. सारवलेल्या जमिनीवरून काहीतरी आपलं अंग ओढत पुढं येत होतं. तळहात टेकावेत, मग गुडघे ओढावेत, दमून थांबावं, पुन्हा पुढं. लेकरू रांगताना ज्यानं ऐकलंय त्याला तो आवाज सांगावा लागणार नाही. पुष्पाची बोटं माझ्या मनगटाभोवती आवळली.

उंबऱ्यावर ते आलं. सागाचं वाळलेलं पान होतं, सुपाएवढं, कडा आत वळलेलं. ओसरीवरून खाली उतरलं. अंगणात आलं. आमच्यापाशी, पुष्पाच्या पसरलेल्या पायांपाशी थांबलं. मी डोळ्यांनी पाहिलं की ते पान आहे, आणि वाऱ्याशिवाय पान सरकत नाही हेही मला कळतं. पण वारा माझ्या अंगाला लागत नव्हता. लुगड्याचा पदर हलत नव्हता. वाटीतल्या तेलावर तरंग नव्हता.

किती वेळ ते तिथं होतं, सांगता येणार नाही. पुष्पानं हात पुढं केला, लावला मात्र नाही. मग ते पान वळलं आणि तसंच, थांबत थांबत, अंगण ओलांडून कुंपणाच्या फटीतून बाहेर गेलं. बाहेरच्या वाटेवर आवाज थोडा वेळ ऐकू आला. पुढं नाही आला.

"गेली," पुष्पा म्हणाली.

ती रडेल म्हणून मी तिला धरलं. ती रडली नाही. पायांवरचं लुगडं खाली ओढून घेतलं आणि नुसती बसून राहिली, कामावरून आलेली बाई बसते तशी. उन्हात तापलेली तेलाची वाटी हाताशी होती, ती उचलली आणि तिच्या मागं जाऊन बसले. लहानपणी आई रविवारी आम्हा दोघींच्या डोक्याला तेल घालायची, तसं टाळूवर तेल ओतलं आणि बोटं फिरवायला लागले. जटा सोडवताना ती "हळू वं" म्हणाली. केस सुटत गेले तसतसे तिचे खांदे खाली आले. मान सैल पडली. माझ्या मांडीवर डोकं टेकून ती झोपली, तोंड थोडं उघडं टाकून, घोरत.

त्या रिकाम्या, उघड्या दारांच्या गावात बसून मी बहिणीचं घोरणं ऐकत होते. पाठीवर ऊन, हाताला खोबरेल तेलाचा वास. भीती गेली नव्हती. कुंपणाच्या फटीकडे माझी नजर सारखी जात होती. पण आयुष्यात मी फार कमी वेळा इतकी सुखात बसले असेन.

आमराई

उन्हं कलली तेव्हा ती उठली. दोरीखालून वाकून आम्ही बाहेर पडलो. आडबाजूला एका मोहाच्या झाडाच्या बुंध्याशी माणूस बसलेला होता, तो उठून उभा राहिला. देवराव. तिथून त्यांच्या मागच्या अंगणाचं कुंपण दिसत होतं.

"सकाळपासून इथी?" मी विचारलं.

"मले म्हणाली, एकटी रावू द्या, नाईतर म्या हिरीत उडी घेईन. तिले एकटी ठेवलं. पण दूर कसा जाऊ बाई?" त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "तुम्हाले येताना पायलं. हाक नाई मारली. म्हटलं, बहीण जाऊन राह्यली तर जाऊ द्या."

पानाचं मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

आमराईत अख्खं गाव होतं. झाडाझाडाखाली तीन दगडांच्या चुली, निळा धूर, बांधलेली गुरं, डालग्याखाली कोंबड्या. मला वाटलं होतं तिथं सुतकी शांतता असेल. कारण त्या झाडांखालच्या जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी कमी झालं होतं. पण तिथं एक म्हातारा डोळे मिटून दाढी करून घेत होता. बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा पाहत गप्पा मारत होत्या. पोरं नाल्याच्या पाण्यात दगड मारत होती. कोणीतरी गरम राखेत भाजलेली रताळी वाटत फिरत होतं, आणि ती हातात ठरत नव्हती म्हणून लोक फुंकर घालत, या हातातून त्या हातात टाकत हसत होते. फक्त जंगलाच्या ज्या बाजूला गाव होतं, त्या बाजूला कोणी तोंड करून बसलेलं नव्हतं.

पुष्पा आली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. सतरंजीवरची माणसं सरकली, जागा झाली. तिच्या सासूनं, लहानखुऱ्या, कडक चेहऱ्याच्या बाईनं, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि दोघींपुढं पळसाच्या पत्रावळी ठेवल्या. वाफाळता भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्या-वालाची रस्सा भाजी. त्या बाईच्या स्वयंपाकाला सगळं गाव नावाजतं, आणि तिला कोणी उणं काढलेलं खपत नाही, असं देवरावांनी मला येताना सांगितलं होतं.

पुष्पानं भात कालवला. बराच वेळ कालवतच राहिली. आजूबाजूचे सगळे आपापल्या पत्रावळीकडे बघत होते आणि कोणीच जेवत नव्हतं. तिनं घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. मग भुवया आखडून तिनं पत्रावळीकडे पाहिलं.

"भाजीत मीठ कमी हाय," ती म्हणाली.

सासूचा हात पळीवरच थांबला. तिनं पुष्पाकडे पाहिलं, देवरावांकडे पाहिलं. डोळे भरून आले तसे तिनं ते पदरानं घाईनं पुसले, धुरामुळे पुसावेत तसे.

"हो वं माय," ती म्हणाली. "कमीच पडलं. घे."

मिठाचं मडकं पुष्पाकडे आलं. तिनं चिमूट टाकून पुढं सरकवलं. देवरावांनी घेतलं. शेजारच्या पंगतीतल्या म्हाताऱ्यानं मागून घेतलं, मग त्याच्या बायकोनं. मडकं फिरत माझ्यापर्यंत आलं. मी तोवर भाजी चाखली होती. मीठ अगदी बरोबर होतं. मी वरून चिमूटभर घातलं आणि पत्रावळ पुसून खाल्ली.